आधी बोल, मग दाब

माझे सासरे स्वतःच्याच गोडाउनच्या खड्ड्यात पडले. वडप्याला हायवेलगत आमची जमीन होती, तिथे नवं गोडाउन उभं राहत होतं आणि पायाचं खोदकाम बघायला ते रोज सकाळी जात. "कडेला उभं राहू नका रं, माती भुसभुशीत हाय," असं कामगारांना सांगता सांगता ते स्वतःच कडेवरून खाली गेले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली आणि डॉक्टरांनी बजावलं, पावसाळा संपेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. वॉकर घेऊन पलंगापासून न्हाणीपर्यंत, तेवढाच प्रवास.

मी त्या घरात तेव्हा नवीच होते. माझं माहेर भिवंडी शहरात, पॉवरलूमच्या गल्लीत. खडखडाटात झोपायची सवय, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. सासर शेलारला. रिक्षाने जाऊन येण्याइतकं जवळ, पण सुरुवातीला सासरची माणसं बोलायला लागली की मी अर्धा क्षण मागे राहायची. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणायचो, सासूबाईंना आई. नवरा सकाळी मोटारसायकल काढून वडप्याला जाई तो संध्याकाळी येई. मी बी.कॉम. झालेली होते, पण त्या बी.कॉम.चं सासरी काय करायचं हे अजून कुणी ठरवलं नव्हतं, मीही नाही.

बाबा म्हणजे पंचक्रोशीतले पत्त्यांचे उस्ताद. आमच्याकडे लग्नघरी हळदीला पत्त्यांचे डाव बसतात, आणि बाबा आल्याशिवाय डाव सुरू होत नसे. कुणी कोणतं पान टाकलं, कुणी उचललं, सगळं त्यांच्या डोक्यात राहायचं. असा माणूस पलंगाला खिळला. पहिले काही दिवस सोबती येऊन बसले, चहा प्यायले, रमी खेळले. मग एकेक गळत गेला. ज्याच्या त्याच्या शेतावर गोडाउन आलं होतं, ज्याला त्याला हायवेवर काम होतं. उरलो आई आणि मी. बाबा टीव्हीवर ओरडत, खिडकीतल्या कावळ्यावर ओरडत, आमटीवर ओरडत.

"ह्यांचा पाय न्हाय मोडला," आई मला हळूच म्हणायच्या, "आपलं नशीब मोडलंय."

मी त्यांच्याशी रमी खेळून बघितलं. ते दुसऱ्या पानाला माझा हात ओळखायचे आणि तिसऱ्या पानाला कंटाळायचे.

अशातच माझा धाकटा भाऊ मला भेटायला आला. तो एका कॉल सेंटरमध्ये होता, तिथे दुपारच्या सुट्टीत पोरं कॉम्प्युटरवर पोकर खेळतात असं त्याने गप्पांत सांगितलं. आमच्या घरी नवऱ्याने गोडाउनच्या कामाला म्हणून कॉम्प्युटर आणून ठेवला होता, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटही आलं होतं. दिवसभर त्यावर भरतकामाचा रुमाल झाकलेला असे.

"तीन पत्तीचा मोठा भाऊ आहे, बाबा," माझा भाऊ म्हणाला. "दोन पानं तुमच्या हातात, पाच पानं टेबलावर सगळ्यांसाठी उघडी. ती एकदम उघडत नाहीत, आधी तीन, मग एक, मग एक. सातांतली चांगली पाच धरायची."

"पैशे?"

"पैसे नाहीत. कंपनी फुकट चिप्स देते. हरल्या की परत मागायच्या."

"चिप्स?" आई सुपातून मान वर करून म्हणाल्या. "वेफर देतात व्हय?"

बाबांनी वॉकर ओढला आणि पहिल्यांदाच तो शेजघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत नेला.

खेळायला नाव लागतं. आम्ही सुचवलेली सगळी साधी नावं आधीच कुणी ना कुणी घेतलेली होती. बाबा वैतागून म्हणाले, "निवटी लिव." निवटी म्हणजे आमच्या खाडीच्या चिखलातला मासा, हातात धरावा तर सुळकन निसटतो. तेच नाव पडलं. मग रोज दुपारची जेवणं आटपली की मी माउस धरायची आणि बाबा शेजारच्या खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि माउसवर हात ठेवला की त्यांच्या हातून बाण भलतीकडे जायचा. मला पत्ते कळत नव्हते. दोघांचं मिळून एक माणूस होत होतं.

आणि तो माणूस फार चुका करत होता. जास्त करून माझ्याकडून.

पहिली चूक मला अजून डोळ्यांपुढे दिसते. आम्हाला दोन एक्के आले. हातात येऊ शकणारी सगळ्यांत मोठी जोडी. बाबा खुर्चीत सरळ झाले. माझं लक्ष मात्र स्वयंपाकघरात होतं, गॅसवर दूध ठेवलं होतं आणि ते वर येत असल्याचा वास येत होता. मी घाईघाईने बटण दाबलं आणि उठून पळाले. परत आले तर बाबा पडद्याकडे टक लावून बसलेले.

"काय झालं?"

"एक्के होते, गो," ते शांतपणे म्हणाले. "दोन."

मी फोल्ड दाबलं होतं. म्हणजे पानं टाकून दिली होती.

दुसऱ्या वेळी आमच्या जुन्या मॉनिटरने मला फसवलं, असं मी तेव्हा म्हणायची. पडदा पिवळट झाला होता आणि बदाम नि चौकट दोन्ही लालच. मला पाच बदाम दिसले. पाचही पानं एका रंगाची म्हणजे कलर. मी बाबांना विचारलंही नाही, सगळ्या चिप्स पुढे सारल्या. पानं उघडली तेव्हा पाचवा बदाम चौकट निघाला. तिसऱ्या वेळी आम्ही चांगले जिंकत असताना वीज गेली आणि परत आली तोवर सगळं संपलेलं होतं. त्यात माझी काय चूक, असं म्हणावं तर लोडशेडिंगचं वेळापत्रक मीच स्वतः फ्रिजवर चिकटवलं होतं. आज दुपारी वीज जाणार हे मला ठाऊक होतं. फक्त मी फ्रिजकडे बघितलं नव्हतं.

बाबा पहिल्या चुकीला तेवढंच बोलले, दुसरीला नुसतं हुंकारले. पण एका रविवारी नवरा घरी होता, जेवण करून तोही आमच्या मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, दाखवू जरा याला आपण काय शिकलोय ते. आणि त्याच डावात मी आमची पाळी समजून दुसऱ्याच्या पाळीत भलतंच बटण दाबून ठेवलं. ते लक्षात ठेवून कॉम्प्युटरने आमची पाळी येताच आपोआप पानं फेकून दिली. हातात राजा-राणी होते, टेबलावरही राजा-राणी उघडले.

"डोले हायत क बटनं?" बाबा गरजले. "बी.कॉम. झालेली हाय म्हनं! दुधाची पिशवी फोडायला दिली तरी ही भलतीच फोडंल!"

नवरा हसला. त्याने हसायला नको होतं. मी कॉम्प्युटर बंद केला, त्यावर रुमाल झाकला आणि भांडी घासायला गेले. भांडी आधीच घासलेली होती, मी ती परत घासली.

पुढचे काही दिवस दुपारी मी आतल्या खोलीत बसून राहायची. बाबा बाहेरून खाकरायचे. एकदा आईंना मोठ्याने म्हणाले, "आज वीज जायाची न्हाय वाटतं दुपारची." मी ऐकलं, उठले नाही. मला राग बाबांच्या बोलण्याचा होताच, पण त्याहून जास्त माझाच होता. चुका अवघड असत्या तर वाईट वाटलं नसतं. मला न येणाऱ्या गोष्टी नव्हत्याच त्या. डावं-उजवं कळणाऱ्या कुणालाही जमल्या असत्या.

मग एका दुपारी बाहेरच्या खोलीतून हाक आली. नेहमीसारखी नव्हती, जरा खालच्या आवाजात.

"ए पोरी. इकरं ये जरा."

मी गेले तर रुमाल बाजूला पडलेला, कॉम्प्युटर चालू, आणि बाबा माझ्या खुर्चीत. माउस त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, जणू तो निसटून खाडीत जाईल. एवढं सगळं त्यांनी एकट्याने कसं चालू केलं ते मला आजवर कळलं नाही. बहुतेक आईंनी बटणं दाबली असावीत, कारण त्या दाराआड उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

"ह्यो हरला कसा, मना सांग," बाबा म्हणाले.

पडद्यावर शेवटचा डाव तसाच होता. बाबांची पानं होती सत्ती आणि अठ्ठी, टेबलावर नव्वी, दश्शी, गुलाम. सत्तीपासून गुलामापर्यंत सरळ रांग, तीन पत्तीत आपण रन म्हणतो तो. बाबांनी सगळ्या चिप्स लावल्या होत्या. समोरच्याकडे एकच गोष्ट होती, पाच किलवर.

"बाबा, त्याचा कलर आहे."

"आन माझा रन."

"तीन पत्तीत रन मोठा. इथे कलर मोठा. भावाने सांगितलं होतं पहिल्या दिवशी."

त्यांनी माउस सोडून दिला. मला वाटलं आता खेळावर, कंपनीवर, भावावर राग निघणार.

"मना म्हाईत होतं," ते म्हणाले. "त्यानं सांगितला तवाच डोक्यात ठेवला होता. टेबलावं तीन किलवर पडलेले, ते पन दिसलं मना. आन तरी हात गेला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हाईत असून होतं मग. मना वाटलं, तुलाच होतं."

माफी मागायची त्यांची पद्धत तीच. मला ती पुरली. मी दुसरी खुर्ची ओढली आणि बसले.

त्या दिवशी आम्ही खेळलो नाही, नुसते बोललो. कोणती चूक न कळून होते आणि कोणती कळत असूनही होते. बाबा म्हणाले, न कळून होते तिला तोड आहे, शिकायचं. दुसरीला काय करायचं? शिकलेलंच असतं की सगळं. बोलता बोलता त्यांना खळ्यावरची आठवण आली. भाताचं माप घालताना माप घालणारा मोठ्याने मोजतो. एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, मग दोन, मग तीन, दर मापाला नुसता गजर. लहानपणी त्यांना वाटायचं, मनात मोजलं तर काय बिघडतं? एका वर्षी हट्टाने मनात मोजायला घेतलं आणि मध्येच समोरून कुणाचा तरी बैल गेला. कितवं माप ते विसरले. सगळं भात परत मोजावं लागलं.

"मन बैलामागं जातं," ते म्हणाले. "जीभ न्हाय जात."

मग त्यांनी नियम घातला. आधी बोल, मग दाब. बटण दाबायच्या आधी मी मोठ्याने सांगायचं, आपल्या हातात काय आहे, रंगासकट. टेबलावर काय आहे, रंगासकट. आपल्याला मारू शकेल असं काय असू शकतं. आणि मी कोणतं बटण दाबणार आहे. बाबा "हां" म्हणतील, तेव्हाच बोट हलेल. माझ्याकडूनही मी एक भर घातली. बसण्याआधी गॅस बंद आणि फ्रिजकडे नजर.

पहिल्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली. पहिलीतल्या मुलीसारखी मी म्हणत होते, "बदाम राणी, किलवर दश्शी. टेबलावर चौकट सत्ती, बदाम दुर्री, बदाम नव्वी. समोरच्याकडे दोन बदाम असले तर पुढे कलर होऊ शकतो. मी थांबते, चेक दाबते." "हां." शेजारून कुणी जात असेल तर त्याला वाटलं असेल, यांच्याकडे रोज दुपारी पूजा सांगतात. आईंना तसंच वाटायचं. तांदूळ निवडता निवडता त्या विचारायच्या, "झाला का मंत्र?"

पण मंत्र लागू पडला. बोलायला लागल्यावर डोळे आपोआप त्या पानावर जायचे. "बदाम" हा शब्द तोंडून निघायच्या आत चौकट चौकट दिसायची. मॉनिटर तोच होता, तितकाच पिवळा. शिवाय दुसरी गंमत झाली. रोज मोठ्याने बोलून बोलून मला खेळ कळायला लागला. आधी मी बाबांनी सांगितलेलं बटण दाबायची, आता मी आधी सांगायची आणि बाबा क्वचित "न्हाय" म्हणायचे. त्यांचं कसब वेगळंच होतं. समोरचा माणूस पडद्यापलीकडे, चेहरा नाही, तरी तो किती वेळ घेऊन बटण दाबतो यावरून ते त्याला ओळखायचे. "ह्यो लगेच लावतंय, याला स्वतःलाच धीर देतंय. काय न्हाय त्याच्याकरं." बहुतेक वेळा खरंच काही नसायचं.

टेबलावरची माणसं पडद्यावर खालच्या चौकटीत काहीबाही लिहायची. कुणी विचारायचं, निवटी म्हणजे काय? मी लिहायची, चिखलातला मासा. मग एकदा कुणीतरी आम्ही आल्या आल्या लिहिलं, सांभाळा, मासा आला. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्या दिवशी आमटी छान झाली असं ते म्हणाले.

गणपती होऊन गेले तेव्हा त्या कंपनीने एक मोठी स्पर्धा लावली. ती पण फुकटच. रविवारी आपल्याकडच्या दुपारी सुरू होणार, देशोदेशीचे शेकडो लोक, चिप्स संपल्या की घरी. शेवटी एकच माणूस उरणार आणि त्याचं नाव आठवडाभर कंपनीच्या साइटच्या पहिल्या पानावर झळकणार. दुसरं काही मिळणार नव्हतं. बाबांना तेवढं पुरेसं होतं.

"नाव लागतं क न्हाय?" त्यांनी परत परत विचारून घेतलं.

मी फ्रिजकडे बघितलं. त्या रविवारी वीज जाणार होती, नेमकी मधल्या वेळात. पूर्वीची मी असते तर वीज गेल्यावरच मला हे कळलं असतं. आता चार दिवस आधी कळलं. मी नवऱ्याला सांगितलं. तो त्या दिवशी हसला होता, ते मी विसरले नव्हते आणि तोही विसरला नसावा. रविवारी सकाळी आमच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून गोडाउनचा लहान जनरेटर उतरला. नवऱ्याने तो मागच्या पडवीत बसवला, डिझेल भरलं, एकदा चालू करून बघितला.

"वीज जायच्या आधीच चालू करून ठेवतो," तो म्हणाला. "तू उठू नकोस."

आईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. दारावर कुणी आलं तर "घरात काम चाललंय" म्हणून परत पाठवायचं हेही त्यांनीच ठरवलं. आम्ही बसलो. मागे जनरेटर धडधडत होता आणि मला माहेरच्या गल्लीत बसल्यासारखं वाटत होतं. त्या आवाजात मला कधीच भीती वाटत नाही.

सुरुवातीला आम्ही फार थोडे डाव खेळलो. बाबा म्हणायचे, "लोकांना मरू दे आधी." आणि लोक मरत होते. घाईने, रागाने, एक डाव हरला म्हणून पुढच्या डावात सगळं लावून. टेबलं मोडत होती, माणसं इकडून तिकडे बसत होती. मी बोलत होते, बाबा हां म्हणत होते.

निम्म्याहून जास्त लोक गेले होते तेव्हा तो डाव आला. हातात दश्शी आणि गुलाम, टेबलावर पहिल्याच तीन पानांत सत्ती, अठ्ठी, नव्वी. सत्तीपासून गुलामापर्यंत सरळ रन. बाबांच्या स्टुलावरच्या पायाची बोटं हलली. पुढचं पान आलं, किलवरची दुर्री. समोरच्याने त्याच्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. आमच्याहून त्याच्याकडे जास्त होत्या. हरलो तर घरी. आमच्यानंतर आणखी एका तिसऱ्याची पाळी होती.

माझं बोट बटणावर होतं. रन होता हो! इतक्या वेळात पहिल्यांदा एवढा मोठा हात आला होता.

"बोल," बाबा म्हणाले.

"हातात बदाम दश्शी, इस्पिक गुलाम. टेबलावर किलवर सत्ती, चौकट अठ्ठी, किलवर नव्वी, किलवर दुर्री." मी थांबले. "तीन किलवर, बाबा. आपल्याकडे एकही नाही."

"ह्यो मगापासून कसा खेलतंय?"

"गप्प. चांगलं पान असल्याशिवाय हात घालत नाही. पहिली तीन पानं उघडली तेव्हाही नुसता बरोबरीने आला होता, दुर्री पडल्यावर उठला."

बाबांनी डोळे मिटले. एका रनने त्यांना फसवलेलं होतं. आता तोच रन परत आला होता, आणि तो टाकायचा म्हणजे पोटच्या पोराला पाळण्यातून काढून दुसऱ्याला देण्यासारखं. पडद्यावरची वेळ मोजणारी पट्टी संपत आली.

"टाक," ते म्हणाले.

"फोल्ड दाबते?"

"हां."

मी दाबलं. आमच्यानंतरच्या माणसाने उत्साहाने सगळं लावलं, त्याच्याकडे तीन नव्व्या होत्या. मग पहिल्याची पानं उघडली. किलवरचा एक्का आणि किलवरची चौर्री. कलर. इथे तो तीन सारख्या पानांहूनही मोठा. शेवटच्या पानाने काही बदललं नाही. तीन नव्व्यांवाला घरी गेला. आम्ही टेबलावर होतो.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. मग लगेच काढून म्हणाले, "पुढचं बघ."

वीज केव्हा गेली ते आम्हाला कळलंच नाही. शेजारच्या घरातला टीव्ही बंद पडल्याने शांतता झाली, तेवढंच. संध्याकाळ होत आली तसं एकच टेबल उरलं, मग त्यावरचीही माणसं कमी होत गेली. आई चहा आणून ठेवून परत गेल्या नाहीत, मागेच उभ्या राहिल्या. नवराही पडवीतून हात पुसत आत आला. माझा घसा बसला होता, तरी मी बोलत होते.

शेवटी दोघेच राहिलो, आम्ही आणि कुठल्यातरी थंड देशातला एक माणूस. चिप्स साधारण सारख्या, आमच्या किंचित जास्त. आम्हाला दोन नव्व्या आल्या. टेबलावर नव्वी, राजा, चौर्री. मग आणखी एक चौर्री. तीन नव्व्या आणि दोन चौर्र्या, पोकरमध्ये याला फुल हाउस म्हणतात. तीन पत्तीत असलं काही नसतं, त्यामुळे बाबांनी त्याचं नाव 'भरलेलं घर' ठेवलं होतं. शेवटचं पान दुर्री आलं. आणि समोरच्याने सगळं लावलं.

आईंना पडद्यावरचं काही कळत नव्हतं, पण माझ्या पाठीवरून त्यांना कळलं असावं. "काय झालं गो?"

बाण कॉलवरून, म्हणजे बरोबरीने चिप्स लावायच्या बटणावरून, घसरून फोल्डच्या कडेला गेला होता. मी तो बघत होते आणि दाबणारही होते, कारण मनात शब्द 'कॉल' हाच होता.

बाबांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. दाबली नाहीत, नुसती ठेवली. "बोल आधी."

मी हात माउसवरून उचलला. "हातात बदाम नव्वी, इस्पिक नव्वी. टेबलावर चौकट नव्वी, इस्पिक राजा, किलवर चौर्री, बदाम चौर्री, चौकट दुर्री. आपलं भरलेलं घर, नव्व्यांचं."

"मारंल कोन आपल्याला?"

"त्याच्या हातात दोन राजे असतील तर. किंवा दोन्ही उरलेल्या चौर्र्या."

"आनखी?"

मी परत एकेक पान बघितलं. "कोणी नाही."

"मंग?"

"कॉल दाबते." मी बाणाकडे बघितलं, तो फोल्डवर होता. तो उचलून कॉलवर आणला. "आता कॉलवर आहे."

"हां."

पानं उलटली. त्याच्याकडे राजा आणि चौर्री. तीन चौर्र्या, दोन राजे. त्याचंही घर भरलेलं होतं, पण चौर्र्यांचं, नव्व्यांहून लहान. पडद्यावर मध्यभागी अक्षरं आली, आणि त्यात आमचं नाव.

मी ओरडले की आई ओरडल्या ते ठाऊक नाही. नवऱ्याने मला खुर्चीसकट मागे ओढलं आणि "अगं जिंकलीस तू, जिंकलीस!" असं म्हणत राहिला. बाबा वॉकरने जमिनीवर दणके देत होते. बाजूच्या घरातली माणसं धावत आली, त्यांना वाटलं बाबा परत पडले. "पडलो न्हाय रं," बाबा ओरडले, "पाडला! सगल्यांना पाडला!" आईंनी देवापुढचा साखरेचा डबा आणून ज्याच्या त्याच्या हातावर साखर ठेवली आणि मग मला विचारलं, "वेफर किती मिलाले?"

खालच्या चौकटीत त्या थंड देशातल्या माणसाने लिहिलं होतं, छान खेळलास मित्रा. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला लिव, मित्र न्हाय, माझी सून हाय." मी लिहिलं. त्याने हसरा चेहरा पाठवला.

आठवडाभर आमचं नाव पहिल्या पानावर होतं आणि आठवडाभर आमची घरापुढची ओटी माणसांनी भरलेली होती. गळून गेलेले सोबती एकेक करून परत आले. दिघाशीहून बाबांचे जुने मित्र रिक्षा करून आले. बाबा सगळ्यांना गोष्ट सांगायचे, पण शेवटच्या डावाची नाही, टाकलेल्या रनची. "जिंकलेला डाव कोन पन सांगंल," ते म्हणायचे. "टाकलेला सांगायला छाती लागते." ऐकणारे तीन पत्तीवाले, त्यांना रन टाकला हे पटतच नव्हतं. ते हळहळायचे आणि बाबांना तेच हवं असायचं.

एकदा चहा घेऊन मी ओटीवर आले तेव्हा त्यांतल्या एकाने विचारलं, "पन दादा, तुमाला इंग्रजी येत न्हाय, तो माउस चालत न्हाय. खेललं कोन?"

मला वाटलं बाबा काहीतरी हसण्यावारी नेतील. ते वॉकर पुढे घेऊन उभे राहिले, म्हणजे त्या कामाला उभं राहणं गरजेचं आहे असं त्यांना वाटलं असावं.

"हिनं," ते म्हणाले. "मी बाजूला बसून हां म्हनत व्हतो. आन शेवटी शेवटी तर हां म्हनायचीही गरज नव्हती. पन मना म्हनायचं होतं."

मग मला म्हणाले, "ठेव तो चहा. दाखव ह्यांना एक डाव."

ओटीवरून सगळी मंडळी उठून बाहेरच्या खोलीत आली. एवढ्या वडीलधाऱ्या माणसांपुढे मी कधी खुर्चीत बसले नव्हते. आईंनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला. मी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली, बसले, आणि पहिली दोन पानं येताच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इस्पिक राणी, चौकट पंजी. काही दम नाही. टाकते."

"हां," मागून सगळे एकदम म्हणाले.